शेंदराखालचा नंबर

सकीनाआपांच्या दुकानात शिरणाऱ्या माणसाला पहिला हुकूम मिळायचा तो गप्प बसण्याचा. बंदूक कोणाची, पणजोबांना ती कोणत्या साहेबानं दिली, तिनं किती वाघ लोळवले, हे सगळं येणाऱ्याच्या ओठांवर तयार असायचं. आपा पंजा वर करून म्हणायच्या, "तुम्ही थांबा जरा. आधी हिला बोलू द्या." मग त्या रायफल हातात घ्यायच्या, आणि पाच-दहा मिनिटांत पणजोबा, साहेब आणि वाघ असे तिघंही एकेक करून दुकानाबाहेर पडायचे.

दुकान जुन्या नाशकात, भद्रकालीकडून नदीच्या बाजूला उतरणाऱ्या एका बोळात होतं. दोन माणसं आत उभी राहिली की तिसऱ्यानं बोळातच थांबायचं. पाटीवर नाव आपांच्या वडिलांचं, खाली 'बंदूक दुरुस्ती'. आपांना भाऊ नव्हता. मालेगावला दिल्या होत्या, नवरा लवकर गेला, लहान मुलीला घेऊन परत आल्या आणि वडिलांच्या शेजारी कामाला बसल्या. वडील गेल्यावर परवाना त्यांच्या नावावर झाला, पण पाटी त्यांनी बदलली नाही. बाईंना दुकानात एकटं पाहून नवीन गिऱ्हाईक विचारायचं, उस्ताद कुठे आहेत. आपा म्हणायच्या, "जेवायला गेलेत. तोवर मी बघते." तोवर म्हणजे पंचवीसेक वर्षं त्या बघत होत्या.

मी कलेक्टर कचेरीत शस्त्र परवाना शाखेत कारकून होतो. जिल्ह्यातली प्रत्येक परवान्याची बंदूक माझ्या हाताखालून गेलेली, पण कागदावर. खरी कोणी हातात दिली असती तर मी ती छत्रीसारखी धरली असती. आपांशी ओळख झाली ती भांडणातूनच. एका वारसाच्या अर्जावर मी 'रायफल, परदेशी बनावटीची, जुनी' असं वर्णन लिहिलं होतं. तो कागद घेऊन बाई थेट माझ्या टेबलाशी आल्या. चष्म्याला दोरी, अंगावर तेलाचा वास, डाव्या अंगठ्याचं नख वाढवलेलं आणि त्याखाली काळी रेघ. म्हणाल्या, "कारकूनसाहेब, हे म्हणजे 'गाय, चार पायांची' असं झालं. कोणाची गाय, ते कसं कळणार?"

मी चिडलो. सरकारी माणसाला कोणी शिकवलं की तो चिडतोच. पण दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत मी त्यांच्या दुकानात होतो, हेही खरं. त्यांनी मला डोळे मिटायला लावले आणि एका रायफलीचा बोल्ट हातात दिला. बोल्ट म्हणजे मागचा दांडा, जो वर उचलून मागे ओढला की रायफल उघडते आणि पुढे ढकलून खाली पाडला की बंद होते. विचारलं, "जड कधी लागला? उचलताना की ढकलताना?"

"उचलताना."

"म्हणजे अठराशे अठ्ठ्याण्णव सालची जर्मन घडण. आम्ही नुसतं अठ्ठ्याण्णव म्हणतो. हिची स्प्रिंग उघडतानाच ताणली जाते. ढकलताना जड लागली की ती एक तर हिच्याहून जुनी, नाहीतर इंग्रजी फौजेतली. काही दारं उघडताना कुरकुरतात, काही लावताना. घरातल्या माणसाला अंधारातही कळतं कुठलं दार वाजलं."

पण एवढ्यानं त्या दाखल्यावर कधी सही करत नसत. हात सांगतो तो अंदाज, डोळा सांगतो ती खात्री, असा त्यांचा हिशेब. बोल्ट बाहेर काढायचा आणि त्याला आत अडकवून धरणारे दात मोजायचे. पुढे दोन दात बऱ्याच जणींना असतात, मागच्या बाजूला तिसरा दिसला की अठ्ठ्याण्णवच. मग नळीवरचे, पट्टीवरचे शिक्के. झिजून गेलेले शिक्के त्या नखानं वाचायच्या. नख हळूहळू फिरवत, ओठ हलवत, आणि शेवटी अक्षरं सांगत. मग भिंग घेऊन तेच परत डोळ्यांनी वाचायच्या आणि तेव्हा कुठे वहीत उतरायचं. "बघून लिहा," हे त्यांचं पालुपद होतं. मला तर त्या चहा घ्या म्हणायच्या आधी बघून लिहा म्हणायच्या.

शिस्तीच्या बाबतीत त्यांच्याकडे लहान-मोठा भेद नव्हता. एकदा एक बडे अधिकारी, नाव कशाला घ्या, आपली रायफल घेऊन आले. गाडी बोळात शिरेना म्हणून आधीच वैतागलेले. आत येताना रायफलीचं तोंड सबंध दुकानभर फिरलं, माझ्या पोटावरूनही गेलं. आपा उठल्या, त्यांना अदबीनं नमस्कार केला आणि म्हणाल्या, "साहेब, एकदा बाहेर जाऊन परत या. नळी जमिनीकडे करून." साहेब म्हणाले, रिकामी आहे. आपा म्हणाल्या, "असेल. पण ते अजून मी बघितलेलं नाही." मी नोकरीची आशा सोडली, माझी, त्यांची नव्हे. आणि साहेब खरोखर बाहेर गेले, बोळात बांधलेल्या शेळीला वळसा घालून परत आले, नळी जमिनीकडे करून. आपांनी रायफल घेतली, उघडली, करंगळी घालून तीनदा तपासली, आणि मगच साहेबांसाठी स्टूल पुसलं.

दुसरे एक गृहस्थ गंगापूर रोडचे, पिढीजात श्रीमंत. त्यांच्या रायफलीवर चांदीची पट्टी, पट्टीवर राजमुकुट. एका संस्थानच्या महाराजांनी आजोबांना खास शिकारीसाठी करवून दिलेली, असं घराण्यात चालत आलेलं. तसा दाखला त्यांना हवा होता, दिवाणखान्यात लावायला. आपांनी बोल्ट मागे घेतला आणि आतल्या डाव्या भिंतीवर अंगठा ठेवला. अंगठा तिथल्या खाचेत बरोबर बसला. त्यांनी मला जवळ बोलावून दाखवलं. शिपायाला एका दमात पाच गोळ्या वरून आत दाबायच्या असतात, तेव्हा अंगठ्याला जागा लागते, म्हणून फौजेच्या रायफलीला ही खाच. शिकारीसाठीच घडवलेलीला ती भिंत सलग असते, कारण शिकाऱ्याला घाई नसते. म्हणजे ही शिपायाची रायफल होती, लढाई संपल्यावर कोणीतरी तिला नवा लाकडी दस्ता आणि चांदी चढवली होती.

गृहस्थ लाल झाले. आपांनी फार मऊ आवाजात त्यांना समजावलं की आजोबांनी ती बाजारातून विकत घेतली असेल तर त्यात कमीपणा कसला, उलट रायफल सोन्यासारखी आहे. पण दाखल्यावर त्यांनी लिहिलं ते खरं तेच. गृहस्थ तो कागद न घेताच गेले. दोन वर्षांनी दस्ता चिरला तेव्हा परत आले, कारण दुसरीकडे जायला जागा नव्हती. आपांनी दस्ता असा सांधला की चीर कुठे होती ते मालकाला सापडेना, आणि महाराजांचा विषय अवाक्षरानं काढला नाही. जिंकलेल्या माणसानं गप्प कसं राहावं, हे मी तिथे पाहिलं. मला मात्र महिनाभर गप्प राहवलं नव्हतं, सगळ्या शाखेला सांगून झालं होतं.

आता काशिनाथ गावितांची गोष्ट सांगतो. ती सांगायची म्हणजे माझीही लाज सांगावी लागते.

गावित पेठकडच्या डोंगरातले, भात-नागलीची शेती करणारे, साठीच्या पुढचे. त्यांचा आजा जंगलखात्यातल्या एका गोऱ्या साहेबाचा वाटाड्या होता. साहेब कायमचा मायदेशी निघाला तेव्हा आपली रायफल आज्याला देऊन गेला. ही गोष्ट मात्र खरी होती, कारण साहेबाचं पत्र आमच्या जुन्या फायलीत होतं, त्यात रायफलीचा नंबर होता, तीन हजार चारशे सतरा, आणि तोच परवान्यावर चढला होता. शिकारबंदी आल्यापासून त्या घरानं गोळी झाडलेली नव्हती. दसऱ्याला तेवढी पूजा व्हायची.

निवडणूक लागली की परवान्याची शस्त्रं पोलीस ठाण्यात जमा करायची असतात. त्या वर्षी ठाण्यात नवे जमादार होते, कामाला चोख. त्यांनी नळीच्या बुडाच्या कड्यावर नंबर पाहिला. तो पाच आकडी, परवान्यावरच्या नंबराशी काही संबंध नसलेला. शिवाय रायफलीची ठेवण फौजी दिसते, बोअर, म्हणजे नळीचं माप, बंदी असलेलं असावं, असाही शेरा त्यांनी मारला. रायफल जप्त झाली. गावितांवर ठपका असा की आज्याची रायफल त्यांनी विकली आणि तिच्या परवान्यावर दुसरी, बेकायदा रायफल घरात ठेवली. खटला भरायला परवानगी द्यायची का, ते आमच्या कचेरीनं ठरवायचं होतं. सिद्ध झालं असतं तर म्हातारा तुरुंगात आणि रायफल भट्टीत.

आणि त्या ठपक्याला सगळ्यात बळकट टेकू माझा होता. तीन वर्षांपूर्वी आमच्या नोंदी कॉम्प्युटरवर गेल्या, तेव्हा प्रत्येक परवानेदारानं शस्त्र घेऊन यायचं आणि कारकुनानं नंबर पाहून 'प्रत्यक्ष पडताळले' अशी खूण करायची, असं होतं. गावित सकाळच्या एसटीनं आले होते, रायफल गोधडीत गुंडाळलेली. दुपारपर्यंत रांगेत उभे होते. त्यांची पाळी आली तेव्हा माझी जेवणाची वेळ झाली होती. गोधडी सोडा, एवढं म्हणायचा मला कंटाळा आला. जुन्या परवान्यावरचा नंबर मी तसाच उतरवला, खूण केली, सही ठोकली. आता त्या सहीवरून प्रकरण असं उभं राहिलं की तीन वर्षांपूर्वी नंबर जुळत होता, आज जुळत नाही, म्हणजे मधल्या काळात म्हाताऱ्यानं रायफल बदलली.

कचेरीच्या व्हरांड्यात गावित भिंतीला टेकून बसलेले मी रोज पाहत होतो. मी जवळून गेलो की उठून उभे राहायचे. एकदा एवढंच म्हणाले, "साहेब, माझ्या आज्याची हाय ती. मी कशापायी बदलू?" मी वर तोंड करून निघून गेलो आणि संध्याकाळी आपांच्या दुकानात जाऊन बसलो.

आपांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, मी नंबर पाहिला होता का. मी जेवणाच्या सुट्टीचं काहीतरी सांगू लागलो. त्यांनी हातातली कानस खाली ठेवली. "रायफलीचं खरं मी सांगीन," त्या म्हणाल्या. "तुमचं तुम्हाला सांगावं लागेल."

सुनावणी आमच्या मोठ्या मॅडमपुढे होती. वयानं तरुण, पण फाईल स्वतः वाचणाऱ्या. माहीतगार म्हणून आपांना बोलावलं होतं. त्या वडिलांचा व्हर्नियर, बारीक मापं मोजायचं साधन, रुमालात गुंडाळून आल्या, आणि एका डबीत गंधक. जमादारांनी रायफल टेबलावर ठेवली. आपांनी ती उघडली, तीनदा करंगळी घालून पाहिली, नळी खाली केली, डोळे मिटून बोल्ट उचलला. मग डोळे उघडून दात मोजले. अठ्ठ्याण्णव. मॅडमना त्यांनी डाव्या भिंतीवर अंगठा ठेवायला लावला. भिंत सलग होती, खाच नव्हती. फौजेची नाही, शिकारीसाठीच घडवलेली आहे, असं त्यांनी सांगितलं. जमादार म्हणाले, मग बोअरचं काय? नळीवरचा शिक्का तर झिजलाय.

आपांनी रायफल व्हरांड्यात नेली. नळीत कापडाचा बोळा बसवला, शिपायाच्या चहाच्या स्टोव्हवर पळीत गंधक वितळवलं आणि गोळी जिथे बसते त्या पोकळीत ओतलं. त्या वासानं निम्मी कचेरी खोकत खिडक्यांशी आली. गंधक गार झाल्यावर त्यांनी समोरून गज घालून ते हलकेच बाहेर ढकललं. हुबेहूब गोळीच्या आकाराचा पिवळा साचा निघाला. व्हर्नियर लावला, माप मॅडमना स्वतः वाचायला लावलं. टू सेव्हन फाइव्ह. परवान्यावर होतं तेच, बंदी नसलेलं, शिकारीचं बोअर.

राहिला नंबर. आपांनी सांगितलं की अशा रायफलीला दोन नंबर असतात. विलायतेतला कारागीर जर्मनीहून नुसता सांगाडा मागवायचा, त्यावर आपली नळी आणि दस्ता चढवायचा. कड्यावरचा नंबर त्या सांगाड्याचा. कारागिराचा स्वतःचा नंबर खाली, घोड्याभोवतीच्या कडीमागच्या पोलादी पट्टीवर. साहेबाच्या पत्रात हाच असणार. त्यांनी रायफल उलटी केली, आणि तिथे पट्टी दिसतच नव्हती. तिथे बोटभर जाड शेंदूर होता, दगडासारखा घट्ट.

गावित पुढे आले. सांगू लागले की आज्यानं तिथे देव बसवला आहे. "जिथं बोट ऱ्हातं तिथं देव बसवायचा, म्हंजी बोट चुकत नाय." दर दसऱ्याला त्यावर नवा शेंदूर चढायचा, कोणी कधी काढला नव्हता. देव कोण खरवडणार?

जमादारांनी खिशातून चाकू काढला. आपांनी शेंदरावर तळहात ठेवला. "चाकू आत ठेवा, साहेब. हे देवाचं आहे आणि पुरावाही आहे. दोन्हींना चाकू लावत नसतात."

जमादार म्हणाले, नंबर काय, काल-परवाही ठोकता येतो. आपांनी भिंग मॅडमच्या हातात दिलं आणि शेंदराची कड बघायला सांगितली. थरावर थर होते, एकाखाली एक, काळपट, तांबूस, केशरी, कांद्याच्या पाकळ्यांसारखे. एवढे दसरे कोणी एका रात्रीत करू शकत नाही, असं त्या म्हणाल्या. मग गावितांकडे वळल्या. "भाऊ, मी हात लावणार नाही. ज्यांनी बसवलाय, त्यांच्याच घरातल्यानं उठवायचा."

गावित बराच वेळ हात जोडून उभे राहिले. कोणी घाई केली नाही, मॅडमनीही नाही. मग त्यांनी कोमट तेल मागितलं. स्टोव्ह होताच. तेल कडेनं सोडत, अंगठ्यानं दाबत ते बसले. पाऊण तास गेला असेल. एकदम टक् असा बारीक आवाज झाला आणि शेंदराची सबंध खोळ अखंड त्यांच्या हातात आली. खाली पट्टीवर नंबर होता, तीन हजार चारशे सतरा, काल कोरल्यासारखा. आणि खोळीच्या आतल्या अंगाला तोच नंबर उलटा, फुगून उठलेला. अगदी पहिल्या थरात.

आपांनी आपला गंधकाचा साचा उचलून त्या खोळीशेजारी ठेवला. "मी साचा आज काढला," त्या म्हणाल्या. "यांच्या आज्यानं तेव्हाच काढून ठेवलाय."

त्या क्षणी मला त्या बाईचा जो अभिमान वाटला, तो मला माझ्या स्वतःच्या कुठल्याच गोष्टीबद्दल कधी वाटलेला नाही. आमच्या नाशकातल्या एका बोळातली ही बाई, सातवी शिकलेली, आणि सबंध कचेरी तिच्यापुढे शाळेतल्यासारखी उभी होती.

पण मॅडम फाईल वाचणाऱ्या होत्या. त्यांनी पान उलटलं आणि सहज विचारलं, "शेंदूर तर तीन वर्षांपूर्वीही होता. मग तेव्हा हा नंबर पडताळला कोणी, आणि कसा?"

आपांनी माझ्याकडे पाहिलं नाही. त्या चष्मा पुसत बसल्या. गावितही खाली बघत होते. त्यांना माहीत होतं, गोधडी त्यांनी सोडलीच नव्हती, पण इतके दिवस त्यांच्या तोंडून माझं नाव निघालं नव्हतं. मी उभा राहिलो आणि म्हणालो, "मी. न बघता."

गावित त्याच दिवशी मोकळे झाले. शेंदराची खोळ निकालाचा कागद निघेपर्यंत 'शेंदूर, एक नग' म्हणून आमच्या कपाटात सीलबंद राहिली. मग गावितांनी ती नेऊन रामकुंडात सोडली. माझ्या सेवापुस्तकात ठपका आला. त्याची मला लाज वाटत नाही. लाज वाटते ती त्या खुणेची.

आपांना शेवटचं पाहिलं ते गेल्या दसऱ्यानंतर. मी रिटायर झालो होतो. काचबिंदूनं त्यांची नजर जवळजवळ गेली होती, परवाना त्यांनी परत केला होता आणि दुसऱ्या दिवशी मुलगी त्यांना मालेगावला नेणार होती. दुकान रिकामं, पाटी उतरवून भिंतीला टेकवलेली. कचेरीत आणली होती त्याच गोधडीत रायफल घेऊन गावित आले होते, आपा जाण्याआधी त्यांनी तिला एकदा बघावं म्हणून.

"नळी जमिनीकडे," आपा म्हणाल्या. ती होतीच. त्यांनी रायफल मांडीवर घेतली, उघडली, करंगळी तीनदा घातली. बोल्ट उचलला आणि मान हलवली. मग उलटी केली. घोड्याच्या कडीमागे त्या दसऱ्याचा नवा शेंदूर होता, पण मध्ये बोटभर जागा गावितांनी स्वच्छ सोडली होती. आपांचं नख तिथे गेलं, सावकाश फिरलं. "तीन. चार. एक. सात."

मग त्यांनी माझ्या दिशेनं तोंड केलं. "कारकूनसाहेब, बघितलं का?"

मी म्हणालो, आपा, मी आता कारकून राहिलो नाही.

"म्हणून काय झालं," त्या म्हणाल्या. "बघा."

मी खिशातून चष्मा काढून डोळ्यांवर चढवला, गुडघा टेकून खाली वाकलो आणि त्यांच्या अंगठ्याशेजारचा नंबर एकेक आकडा बघत मोठ्यानं वाचला. माझं वाचून संपेपर्यंत त्या थांबल्या. मग त्यांनी बोल्ट पुढे ढकलून खाली पाडला आणि रायफल गावितांच्या हातात दिली.